गोड्ड्याची वीज आणि दाभोळची आठवण

ज्या वीज प्रकल्पाला सारा देश ‘दाभोळ’ म्हणून ओळखतो तो दाभोळात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आणि वेलदूर या गावांच्या हद्दीत उभा आहे. मधली खाडी ओलांडायची तर आजही धोपाव्याहून फेरीबोट धरावी लागते. नावाजलेल्या जुन्या बंदराचे नाव प्रकल्पाला चिकटले आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांची नावे भूसंपादनाच्या कागदांतच राहिली. बाब तशी क्षुल्लक आहे, पण सीमापार वीज व्यापाराविषयी काही वाचले की मला ती हमखास आठवते. झारखंडमधील गोड्डा येथील औष्णिक केंद्र आयात केलेल्या कोळशावर चालते. तो कोळसा ओडिशातील धामरा बंदरात उतरतो, तेथून रेल्वेने गोड्ड्याला जातो आणि तयार झालेली वीज बांगलादेशात जाते. खाण एका देशात, चिमणी दुसऱ्या देशात आणि दिवा तिसऱ्या देशात, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात कोणाचे नाव ठळक छापले जाते आणि कोणाचे गाळले जाते, याकडे कोकणातल्या माणसाचे लक्ष आपसूक जाते.

आशियातील शेजारी देशांनी विजेची देवघेव वाढवावी, या मताचा मी आहे, आणि त्याची कारणे पुढे देणारच आहे. परंतु या देवघेवीची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन सुरांत होते. एका सुरात भारत हा शेजाऱ्यांना उजेड देणारा मोठा भाऊ असतो, तर दुसऱ्या सुरात शेजारी हे बिल थकवणारे कृतघ्न गिऱ्हाईक असते. हे दोन्ही सूर लावण्यापूर्वी महाराष्ट्राने स्वतःचीच एक जुनी फाईल उघडून पाहावी, असे मला सुचवायचे आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी कराराच्या टेबलावर आपले वीज मंडळ ज्या खुर्चीत बसले होते, त्याच खुर्चीत नोव्हेंबर २०१७ मध्ये बांगलादेशाचे वीज विकास मंडळ बसले. समोरच्या खुर्चीत तेव्हा एन्रॉन ही अमेरिकन कंपनी होती, आता अदानी ही भारतीय कंपनी आहे.

आधी देवघेव का हवी ते पाहू. कोकणातल्या माणसाला हंगामाचे गणित समजावून सांगावे लागत नाही. चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि शिमगा उलटला की त्याच गावात टँकरची वाट पाहावी लागते. नेपाळच्या विजेची गत अशीच आहे. तेथील बहुतेक जलविद्युत प्रकल्प मोठ्या धरणांवर नसून वाहत्या नदीवर बांधलेले आहेत. आषाढ-श्रावणात यंत्रे पूर्ण ताकदीने फिरतात आणि एवढी वीज घ्यायला देशात मागणी पुरत नाही. माघात नद्या रोडावल्या की तोच नेपाळ भारताकडून वीज विकत घेतो. बांगलादेशाचे चक्र याच्या उलट फिरते. तेथे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातील दमट उकाड्यात मागणी शिखर गाठते, आणि थंडीत ती इतकी उतरते की अनेक केंद्रे नुसती बसून राहतात. एकाचे उणे तेव्हा दुसऱ्याचे अधिक, असा जोड निसर्गानेच जुळवून ठेवलेला आहे, आणि या दोन देशांच्या मध्ये सिलिगुडीजवळ भारताची जी चिंचोळी पट्टी आहे तिची रुंदी काही ठिकाणी २५ किलोमीटरहूनही कमी आहे. तरीही नेपाळची पहिली वीज बांगलादेशात पोहोचायला नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला, आणि ती पोहोचली अवघी ४० मेगावॅट.

भूतानशी आपला व्यवहार याहून जुना आहे. १९८० च्या दशकात चुखा येथे ३३६ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र भारताच्या पैशाने उभे राहिले. त्यातील ६० टक्के रक्कम अनुदान आणि ४० टक्के कर्ज अशी वाटणी होती, आणि भूतानची गरज भागून उरलेली वीज भारत घेणार होता. पुढे १०२० मेगावॅटचे ताला आले, ७२० मेगावॅटचे मांगदेछू आले. पुनात्सांगछू-१ या प्रकल्पात मात्र डोंगरच सरकू लागला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. दरडींच्या प्रदेशात राहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. भूतानच्या सरकारी तिजोरीचा मोठा आधार आज ही वीजविक्री आहे, आणि हिवाळ्यात भूतानही भारताकडून वीज घेतो. या व्यवहारात कुरबुरी झाल्या, दरांवरून वाद झाले, पण तो मोडला नाही.

तो का मोडला नाही याचा विचार करताना मला कोयना आठवते. कोयनेचे पाणी मुळात कृष्णेचे, पूर्वेकडे वाहणारे. ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळी आणि अलोऱ्याला उतरवले जाते, त्यावर वीज तयार होते आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून आमच्या खाडीत येते. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे केंद्र धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. कृष्णेच्या खालच्या अंगाला कर्नाटक आहे, आंध्र आहे, तेलंगण आहे, आणि पश्चिमेकडे वळणारा प्रत्येक थेंब त्यांच्या डोळ्यांवर येतो. परंतु वर्षाला ६७.५ अब्ज घनफूटापेक्षा जास्त पाणी पश्चिमेकडे वळवायचे नाही, ही मर्यादा लवादाच्या निवाड्यात लिहिलेली आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. भांडणे आकड्याभोवती होतात, पण आकडा कोणाच्या कपाटात लपवलेला नाही.

दाभोळच्या बाबतीत नेमके हेच झाले नव्हते. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे प्रतिनिधी महाराष्ट्रात आले आणि आठवडाभराच्या आत सामंजस्य करारावर सही झाली. निविदा निघाली नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प तपासला, इतकी महाग वीज राज्याला परवडणार नाही आणि ती एवढ्या प्रमाणात लागणारही नाही असे मत दिले आणि अर्थसाहाय्य नाकारले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. त्या करारातील मजकूर बराच काळ लोकांपुढे आला नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील अभ्यासकांनी त्याचे जे विश्लेषण केले त्यातून सामान्य वाचकाला पहिल्यांदा समजले की आपण कशाखाली सही केली आहे.

करारातील कळीचे कलम स्थिर आकाराचे होते. केंद्र ९० टक्के वेळ वीज देण्यास सज्ज असेल, तर मंडळाने ती वीज घेतली काय किंवा न घेतली काय, ठरलेली रक्कम द्यायचीच. रत्नागिरीत आंब्याची बाग कराराने घेणाऱ्याला हे कलम चटकन समजेल. मोहोर गळाला, तुडतुडा पडला, अवकाळी आला, तरी बागेच्या मालकाला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. फरक एवढाच की बाग घेणारा हंगामा-दोन हंगामांपुरता जुगार खेळतो आणि तोही रुपयांत. मंडळाने वीस वर्षांसाठी बाग घेतली आणि खंडाचा मोठा भाग डॉलरमध्ये ठरवला. त्यातच इंधन आयातीचे, आधी नाफ्था आणि मग द्रवरूप नैसर्गिक वायू. म्हणजे मागणी घटली तर मंडळाचा तोटा, रुपया घसरला तर मंडळाचा तोटा आणि तेलाचा भाव चढला तर तोही मंडळाचाच. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्याही वर केंद्राची प्रतिहमी होती.

पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. करार झाला तेव्हा एका डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत होते, २००१ मध्ये ४७ पडू लागले. महाग वीज शक्य तितकी कमी घ्यायची, हा कोणत्याही शहाण्या ग्राहकाचा मार्ग मंडळाने धरला; पण स्थिर आकार तेवढाच राहिल्याने घेतलेल्या प्रत्येक युनिटचा दर आणखी वर गेला आणि तो वर गेला म्हणून मंडळाने वीज आणखी कमी घेतली. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, केंद्र बंद पडले आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे जाहीर केले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या साऱ्या निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले, पण तोवर भारतीय बँकांचे हजारो कोटी या जागेत अडकून पडले होते.

आता गोड्डा. १६०० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रातील वीज २५ वर्षे बांगलादेशाने घ्यायची, असा करार २०१७ मध्ये झाला. बांगलादेशात २०१० पासून वीज आणि इंधन पुरवठा जलद वाढवण्यासाठीचा एक खास कायदा लागू होता. त्याच्या आधारे स्पर्धात्मक निविदा न मागवता करार करता येत असत आणि त्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देण्याची वाटही तो बंद करत असे. गोड्ड्याचा करार याच कायद्याच्या छत्राखाली झाला. वीज घेतली नाही तरी द्यायचा क्षमता आकार त्यात आहे, आयात कोळशाची किंमत निर्देशांकानुसार ग्राहकाच्या माथी येते आणि हिशेब डॉलरमध्ये होतो. करार झाला तेव्हा एका डॉलरला ८० टाका (बांगलादेशाचे चलन) यांच्या आसपास मोजावे लागत होते. २०२४ मध्ये १२० मोजावे लागू लागले. एप्रिल २०२३ मध्ये पहिला संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाला, जूनमध्ये दुसरा झाला, आणि २०२४ च्या उत्तरार्धात थकबाकी सुमारे ८० कोटी डॉलरपर्यंत चढल्यावर कंपनीने पुरवठा निम्म्यावर आणला. दरम्यान ढाक्यात सत्तांतर झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खास कायदा रद्द झाला, कराराच्या चौकशीचा आदेश तेथील उच्च न्यायालयाने दिला, आणि कोळशाची किंमत आणि करसवलतींचा वाटा यांवरून दोन्ही पक्ष एकमेकांना पत्रे लिहू लागले. तारखा आणि नावे झाकून हा परिच्छेद वाचला तर गुहागरच्या माणसाला तो आपल्याच तालुक्याचा वाटेल.

कंपनीची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. केंद्र बांधायला कर्ज काढावे लागते, कोळशाचे जहाज उधारीवर मिळत नाही, आणि घेतलेल्या विजेचे पैसे बुडवणे कोणत्याही युक्तिवादाने योग्य ठरत नाही. बांगलादेशाला विजेची खरी निकड होती आणि काही काळ तेथील मागणीचा मोठा हिस्सा या केंद्राने भागवला, हेही खरे. पण दाभोळच्या वेळी हेच सारे एन्रॉनची माणसे आपल्याला सांगत होती, आणि तेव्हा आपल्याला ते पुरेसे वाटले नव्हते. आपण विचारत होतो की निविदा का नाही, करार उघड का नाही, सारा धोका एकाच्याच डोक्यावर का. तेच प्रश्न आज बंगाली भाषेत विचारले जातात तेव्हा ते भारतद्वेषाचे ठरू नयेत.

दोन्ही प्रकरणांत एक मोठा फरक आहे आणि तो बांगलादेशाच्या विरुद्ध जातो. दाभोळचा प्रकल्प शेवटी अंजनवेलच्या जमिनीवर होता. म्हणून २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून तो ताब्यात घेता आला, दुरुस्त करता आला, वायू मिळेल तसा चालवता आला. गोड्ड्याचे केंद्र बांगलादेशाच्या हद्दीत नाही. करार मोडला तर ढाक्याच्या हाती रिकामी तार राहील आणि कंपनीच्या हाती गिऱ्हाईक नसलेले केंद्र. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत सरकारने नियम बदलून, केवळ निर्यातीसाठी उभारलेल्या अशा केंद्राला गरज पडल्यास भारतात वीज विकण्याची मुभा दिली. त्यामागचे व्यावहारिक शहाणपण मला मान्य आहे. एकाच खरेदीदाराला बांधलेले केंद्र किती वाईट अडकते हे आपण पाहिले आहे. मात्र विक्रेत्याला बाहेर पडायला दार ठेवले, तर खरेदीदारालाही तसेच दार हवे होते, आणि ते दोन्ही मूळ करारात हवे होते, एका देशाने सत्तांतरानंतरच्या आठवड्यात काढलेल्या आदेशात नव्हे.

याच दोन देशांत जे व्यवहार सुरळीत चालले ते तपासले तर वेगळे चित्र दिसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधील बहरमपूर आणि बांगलादेशातील भेडामारा यांच्यात ५०० मेगावॅटची जोडणी सुरू झाली. त्यातील २५० मेगावॅट भारतातील सरकारी केंद्रांच्या वाट्यातून, येथल्या नियामकाने ठरवलेल्या दराने, आणि उरलेली २५० मेगावॅट खुल्या बाजारातून स्पर्धेने घेतलेली होती. एका केंद्रावर, एका इंधनावर, एका कंपनीवर सारा भार नव्हता. २०१८ मध्ये ही जोडणी दुप्पट झाली. त्रिपुरातील पालाटाना येथे वायूवर चालणारे ७२६ मेगावॅटचे केंद्र बांधताना अवजड यंत्रे डोंगरी रस्त्याने नेणे अवघड होते. बांगलादेशाने ती आपल्या आशुगंज बंदरातून, आपल्या नद्या आणि रस्त्यांवरून जाऊ दिली, आणि पुढे २०१६ मध्ये त्रिपुरातून कोमिल्ल्याला १०० मेगावॅट वीज जाऊ लागली. शेजाऱ्याच्या अंगणातून बैलगाडी न्यायची आणि सुगीला त्याच्या घरी पायली पोहोचवायची, हा व्यवहार आपल्या वाड्यांमध्येही असाच चालत आला आहे.

४० मेगावॅटच्या नेपाळ-बांगलादेश कराराकडे म्हणूनच मी आदराने पाहतो. बांगलादेशाची सर्वोच्च मागणी १६ हजार मेगावॅटच्या पुढे गेलेली असताना ४० मेगावॅट म्हणजे ताकात पडलेला मिठाचा खडाही नव्हे. पण काठमांडूत ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या या करारावर तीन देशांच्या संस्थांच्या सह्या आहेत; मुदत पाच वर्षांची आहे; पुरवठा १५ जून ते १५ नोव्हेंबर या पावसाळी काळापुरता आहे; युनिटला ६.४ अमेरिकी सेंट हा दर जाहीर आहे. आणि भारताचे पारेषण शुल्क व व्यापारी नफा वेगळा दाखवलेला आहे. कोण काय देतो आणि कोणाला काय मिळते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या नेपाळी शेतकऱ्यालाही कळू शकते. याखेरीज २०२१ पासून नेपाळ भारतीय वीज विनिमय केंद्रात रोजच्या रोज वीज विकतो. तेथे दर पंधरा मिनिटांच्या टप्प्याचा भाव उघड ठरतो. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा बाजार परका वाटणार नाही: भाव पडला तर खारवी चरफडतो, पण भाव कसा पडला हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलेले असते.

नुसत्या रोजच्या बाजारावर मोठी धरणे उभी राहणार नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे. कर्ज देणाऱ्याला वीस-पंचवीस वर्षांची खात्री लागते. जानेवारी २०२४ मध्ये भारत आणि नेपाळ यांनी दहा वर्षांत १० हजार मेगावॅटपर्यंत वीज घेण्याचा जो करार केला त्याची गरज त्यातूनच निर्माण होते. माझा विरोध दीर्घ मुदतीला नाही. दीर्घ मुदतीच्या करारात दर काही वर्षांनी फेरतपासणी असावी, चलन घसरणीचा आणि इंधनाच्या भावाचा भार दोघांनी ठरावीक प्रमाणात वाटून घ्यावा आणि करार सहीपूर्वी दोन्ही देशांच्या वीज नियामकांपुढे जाहीर सुनावणीला यावा, एवढेच माझे मागणे आहे. महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये आला, म्हणजे दाभोळचा करार होऊन जवळपास सहा वर्षांनी. आज राज्यातला दर वाढवायचा तर सुनावणी होते आणि कोणीही ग्राहक उभा राहून बोलू शकतो. देशाबाहेरच्या करारांना ही शिस्त अजून लागलेली नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. शेजाऱ्याच्या तारेवर अवलंबून राहिलो तर तो हवे तेव्हा अंधार करील, असे म्हणतात. जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीजवहनाची जाळी (ग्रिड) कोसळली तेव्हा सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये भेडामाऱ्याहून येणारा पुरवठा तुटला आणि जवळजवळ सारा बांगलादेश अंधारात गेला. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान एकाच वेळी काळोखात बुडाले. पण एकटे राहूनही अंधार टळत नाही. श्रीलंकेची जाळी कोणाशीच जोडलेली नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे एका उपकेंद्रात माकड शिरले म्हणून देशभराची वीज गेली. (आमच्या बागांचा फडशा पाडणाऱ्या वानरांची मजल अद्याप तिथवर गेलेली नाही.) इंधनाचे परावलंबन तर याहून घातक ठरले आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपने चढ्या भावाने वायूची जहाजे ओढून घेतली, तेव्हा बांगलादेशाला खुल्या बाजारातून वायू घेणे थांबवावे लागले आणि भारनियमन परतले. ज्याला नेपाळच्या नदीची भीती वाटते त्याने होर्मुझच्या सामुद्रधुनीचीही वाटू द्यावी. भारताचे स्वतःचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दक्षिणेची जाळी उरलेल्या देशाशी ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर वाहिनीने, एकाच वारंवारतेवर जोडली गेली, आणि एक देश, एक जाळे ही कल्पना सोलापूरच्या माळरानावर खरी झाली. २०१२ च्या अंधारानंतर आपण जाळे तोडले नाही, ते आणखी मोठे केले आणि त्याची शिस्त कडक केली.

आग्नेय आशियाने याबाबत बरेच काही करून पाहिले आहे. लाओसची वीज जून २०२२ पासून थायलंड आणि मलेशिया ओलांडून सिंगापूरला जाऊ लागली, सुरुवातीला १०० मेगावॅटपर्यंत. चार देशांनी एका तारेवर एकमत करणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे सार्क देशांचा वीज सहकार्याचा चौकट करार नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाला आणि त्यानंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. पण लाओसचे दुसरे अंगही पाहावे. ‘आग्नेय आशियाची बॅटरी’ होण्यासाठी त्या देशाने इतके कर्ज उचलले की २०२० मध्ये आपल्या उच्चदाब पारेषण कंपनीतील मोठा वाटा चिनी कंपनीला देण्याचा करार त्याला करावा लागला. २०१८ मध्ये तेथे बांधकामाधीन धरणाचा बांध फुटला आणि खालची गावे वाहून गेली. त्या धरणाची वीज मुख्यतः थायलंडला जायची होती.

चीनचा विषय निघालाच आहे तर भारताच्या एका नियमाबद्दल बोलले पाहिजे. ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज नेपाळकडून घ्यायला भारत तयार नसतो. सीमेवर जे घडले ते पाहता सावधगिरी समजण्यासारखी आहे, आणि जाळे नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेत परका हात नको हेही पटते. तरी बोगदा खणणारा कंत्राटदार कोणत्या देशाचा होता यावरून पाण्याची वीज नाकारणे मला ताणलेले वाटते. यात शिक्षा चीनला होत नाही. ती पावसाळ्यात पाणी फुकट सोडून देणाऱ्या नेपाळला होते.

आणि आता ज्या गावांत चिमण्या आणि धरणे उभी राहतात त्यांच्याकडे येतो. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात अंजनवेल आहे, जयगडला १२०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आहे, कोयनेची वीजघरे आहेत आणि माडबनला फ्रेंच तंत्रज्ञानाच्या ९९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाचा प्रस्ताव दीड दशकाहून अधिक काळ दराच्या आणि दायित्वाच्या प्रश्नांवर अडलेला आहे. नेपाळमध्ये जलविद्युत कंपनीला १० टक्के समभाग प्रकल्पबाधित स्थानिकांसाठी राखून ठेवावे लागतात. भारतातही मोठ्या जलविद्युत प्रकल्पांतील १२ टक्के वीज यजमान राज्याला मोफत मिळते. खाडीचे गरम पाणी आणि राखेचे ढीग सोसणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या गावांना असा कोणताही हक्क नाही, मग ती वीज मुंबईला जावो वा ढाक्याला. गोड्ड्यातील ज्या संथाळ आणि इतर शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला, त्यांच्या गावावरून जाणाऱ्या तारेतील वीज वर्षानुवर्षे त्यांच्या देशातच उतरत नव्हती.

पुढचे करार आपल्या समुद्राशी संबंधित असणार आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात भारत आणि सौदी अरेबिया यांनी वीज जोडणीबाबत सामंजस्य करार केला, आणि अरबी समुद्राच्या तळातून आखातापर्यंत तार टाकण्याची कल्पना ‘एक सूर्य, एक जग, एक जाळे’ या घोषणेखाली मांडली जात आहे. कल्पनेत तथ्य आहे. गुहागरच्या वाळूवर सूर्य बुडतो तेव्हा रियाधमध्ये तो मावळायला सुमारे पावणेदोन तास असतात, आणि आपल्याकडे दिवे लागणीला, सौर वीज संपताच, जी ओढाताण होते ती त्या उन्हाने थोडी सैल होऊ शकते. पण साडेतीन हजार मीटरपर्यंत खोल समुद्रातून तार टाकण्याचा खर्च अवाढव्य असेल आणि तो वसूल करण्यासाठी पुन्हा दीर्घ मुदतीचा, परकीय चलनातला, घ्या अथवा न घ्या पण पैसे द्या असा करार पुढे येईल. या वेळी खरेदीदाराच्या खुर्चीत बहुधा आपणच असू.

त्याआधी श्रीलंका येईल. मदुराई आणि अनुराधापूर जोडण्याची चर्चा कित्येक दशके चालू आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी या जोडणीसाठी सामंजस्य करार केला. तेथे भारत पुन्हा विक्रेत्याच्या बाजूने बसेल. दर कोणत्या चलनात, क्षमता आकार किती, तार नादुरुस्त झाली तर तोटा कोणाचा, हे सारे अजून लिहायचे आहे. कोलंबोतील ग्राहकाला तो मसुदा सहीपूर्वी वाचायला मिळावा, ही मागणी उद्या तेथून येईलच. ती दिल्लीतून आणि मुंबईतूनही यायला हवी, कारण असा मसुदा आपल्याला १९९३ मध्ये मिळाला नव्हता.